दिवसाला लावलेलं घड्याळ

“दिवस सांगताना घड्याळ बघायचं नाही, दये. उजाडताना जो होता तोच दिवस, पार झोपेपर्यंत.”

आईचा आवाज कधी येईल याला काही धरबंध राहिला नव्हता. भांडी घासताना यायचा, दाराला कडी लावताना यायचा, आणि आला तरी दयाच्या आत काही हलायचं नाही. शेजारच्या घरात कुणीतरी कुणाला काही सांगावं आणि ते भिंतीतून आपल्या कानावर पडावं, तसा. आताही ती नगरच्या केडगावातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात खिडकीशी लॅपटॉप उघडून बसली होती. शनिवार होता, पण सोमवारी पुण्याच्या कंपनीला काम द्यायचं होतं म्हणून सुट्टी नव्हती. बाजूला बिनसाखरेचा चहा गार होत होता. उपवासकाळात आई साखर सोडायची, राखेच्या बुधवारपासून थेट ईस्टरच्या, पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंत, आणि तिच्यामुळे दयाही सोडायची. एरवी पहिले चार-आठ दिवस जीव कासावीस व्हायचा, चहाचा कप तोंडाशी नेला की आपण कशासाठी आणि कोणासाठी हे सोडलंय ते आठवायचं. यंदा काहीच आठवत नव्हतं. साखर सोडलीय हेसुद्धा जिभेला कळत नव्हतं. पहाटेची प्रार्थना चुकली नव्हती, शुक्रवारचा उपास चुकला नव्हता, शास्त्राचा रोजचा अध्याय चुकला नव्हता. वाचलेलं फक्त कुठं जात होतं ते समजत नव्हतं. वाळूत पाणी ओतावं तसं. वाळू वरून कोरडीच.

फोन वाजला तो पुंजाराम दगडवाल्याचा. स्टेशन रोडकडं त्याचं शेड होतं. देवळाच्या पायऱ्या, दुकानांच्या पाट्या आणि ख्रिस्ती लोकांचे कबरींचे दगड, सगळं तो एकाच छिन्नीनं करायचा. दयाचा भाऊ नोहा संगमनेरला शाळेत शिकवायचा. दगडाचं काम त्यानंच या पुंजारामला दिलं होतं, ईस्टरच्या आधी बसवायच्या बोलीवर.

“सलाम, ताई. पुंजाराम बोलतोय,” तो म्हणाला. गिऱ्हाइकाप्रमाणं रामराम बदलायची त्याला सवय होती; ख्रिस्ती घरांत ‘सलाम’ म्हणतात हे त्याला ठाऊक होतं. “आईसाहेबांचं नाव झालं. सिल्व्हिया अब्राहाम असं टाकलंय, वडलांच्या दगडावर हाय त्याच अक्षरात. जन्मतारीख झाली. आता खालची तारीख ऱ्हायली. तर नोहाभाऊंनी तोंडी सांगितली दहा, आन् त्यांनीच मोबाईलवर दवाखान्याचा कागद धाडलाय, त्याच्यावर हाय नऊ. भाऊंचा फोन लागंना. कोन्ती टाकू?”

“कागदावर नऊ आहे?”

“हाय ना. चष्मा लावून बघितलं. फेब्रुवारीची नऊ. शिक्का बी हाय. माझं काय, ताई, तुमी म्हनाल ती कोरीन. पन आमच्या धंद्यात रबर नसतंय.”

दयानं खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर वाऱ्याशिवाय लोंबत होती. काहीतरी बोलायला हवं होतं.

“कागदावर आहे तीच टाका,” ती म्हणाली.

“नऊ?”

“हो.”

“बरं. ऊन उतरल्यावर बसतो. आत्ता दगड असा तापलाय, भाकर भाजून निघंल.”

तिनं फोन ठेवला. आपण असं का सांगितलं, याचं तिला आश्चर्यही वाटलं नाही. आश्चर्य वाटायला हवं, एवढं मात्र सुचलं. आई गेली ती मंगळवारी पहाटे. दहा तारखेला. नोहा दवाखान्यातून फोनवर रडत होता, आणि बाहेर दूधवाला सायकलची घंटा वाजवत होता, आणि दयानं नोहाला “थांब हं जरा” असं म्हणून आधी दूध घेतलं होतं. पातेलं गॅसवर ठेवलं होतं. मग फोन परत कानाला लावला होता. तेव्हापासून हे असंच चाललं होतं. नंतर प्रेतयात्रा झाली, चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, मंडळीतल्या बाया गळ्यात पडून रडल्या, आणि ती सगळ्यांना पाणी देत होती. बाया म्हणाल्या, दया धीराची. धीर नव्हता तो. धीराला तरी काहीतरी धरून ठेवावं लागतं.

नऊ तारीख म्हणजे सोमवार. त्या सोमवारी ती दवाखान्यात गेली नव्हती. आठवडाभर रोज दुपारी जायची, आईच्या पायाला तेल लावायची, डब्यातली पेज भरवायची. सोमवारी मात्र काम द्यायचं होतं म्हणून नोहाला बसवलं होतं. रात्रीची जेवणं झाल्यावर आईनं नोहाच्या फोनवरून फोन लावला. आवाज बारीक झाला होता, पण शाळेतल्या बाईंचा आवाज तो, बारीक झाला तरी वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. “उद्या येशील ना?” “येते गं आई.” “आणि हे बघ, लंकाबाई खोळंबलीय. मला काही आता लवकर उठू देत नाहीत हे लोक. उद्यापासून तू तिला दिवस सांगत जा. मी तिला म्हणून ठेवलंय, मी नसले तर दया येईल. जाशील ना?” दयाचं लक्ष पडद्यावर होतं. ती म्हणाली, “हो आई, जाईन.” “तसं नको. मनापासून सांग.” “जाईन म्हटलं ना. शब्द दिला.” तेव्हा आईनं ते घड्याळाचं सांगितलं. दिवस सांगताना घड्याळ बघायचं नाही. उजाडताना जो होता तोच.

दोन गल्ल्या पलीकडं लंकाबाई राहायची. आईच्या शाळेत ती पाणी भरायला, घंटा वाजवायला होती. पुढं डोळ्यांत काचबिंदू झाला आणि दिसणं हळूहळू मिटत गेलं. आता उजेड-अंधार तेवढा कळायचा. डोळे गेले त्याचं तिला फारसं दुःख नव्हतं. दुःख होतं ते कॅलेंडर गेल्याचं. तिची व्रतं तिथीवर चालायची, सोमवार वेगळा, चतुर्थी वेगळी, एकादशी तर जन्मभराची. तेव्हापासून आईनं नेम धरला. स्वतःची प्रार्थना झाली, की चहाच्याही आधी, ती लंकाबाईच्या दारात जायची आणि सांगायची, आज अमुक वार, अमुक तिथी. एवढंच. त्यासाठी एका ख्रिस्ती घरात, क्रूसाच्या चित्राखालच्या खिळ्याला तिथ्यांचं कॅलेंडर टांगलेलं असायचं. दयानं लहानपणी एकदा विचारलं होतं, आई, हे आपलं नाही ना? आई म्हणाली होती, दिवस कुणाचा असतो गं? त्या कॅलेंडरवर प्रत्येक तिथीपुढं बारीक अक्षरात वेळ छापलेली असे, इतके वाजेपर्यंत दशमी, पुढं एकादशी. तिथी आपली सकाळी नऊला बदलते, दुपारी बदलते, मध्येच कधीही. आईनं लंकाबाईकडूनच शिकून घेतलं होतं की ती वेळ सोडून द्यायची. सूर्य उगवताना जी तिथी, ती त्या सगळ्या दिवसाची. मग घड्याळ काही म्हणो.

आणि आई गेली ती दुसऱ्याच पहाटे. दया लंकाबाईकडं गेली नाही. त्या दिवशी जाणं शक्यच नव्हतं, दुसऱ्या दिवशी पाहुणे होते, मग आठवडा झाला, आणि मग न जाणं हीच एक सवय होऊन बसली. दुकानात जाताना ती आता त्या गल्लीतून न जाता हमरस्त्यानं वळसा घालून जायची. वळसा घालतोय हे स्वतःला सांगायचीसुद्धा नाही. पायच तिकडं वळायचे.

तिनं नोहानं पाठवलेला कागद फोनवर उघडला. त्यानं तो तिलाही पाठवला होता, फेब्रुवारीतच. तिनं उघडला नव्हता. मृत्यू दिनांक, नऊ. खालच्या ओळीत कागद कधी छापला ते होतं, मंगळवार सकाळ. कागदाची ठेवण ओळखीची होती. चौकटीची जाडी, नावानंतरची जागा, सगळं तिनं कधीतरी पाहिलेलं होतं. आणि तेव्हा पहिल्यांदा तिच्या बोटांच्या टोकांना मुंग्या आल्यासारखं झालं, थंड पाण्यात हात घातल्यावर होतं तसं. ती चौकट तिनंच बांधलेली होती. तो दवाखाना तिच्याच कंपनीची प्रणाली वापरत होता.

दयाचं काम लोकांना सांगून समजायचं नाही. ती प्रोग्रॅम लिहिणारा प्रोग्रॅम सांभाळायची. त्याला कंपनीत जनरेटर म्हणत, आणि आई ते मंडळीत अभिमानानं सांगायची, त्यामुळं लाईट गेली की शेजारचे ज्ञानेश्वरकाका अजूनही दारातून विचारत, “काय दया, तुझा जनरेटर कुठाय? आमच्याकडं एक वायर टाक की.” प्रत्यक्षात त्यात एक तक्ता होता. डाव्या बाजूला गोष्टींच्या जाती, कुठल्याच भाषेच्या नसलेल्या. अक्षरं. पूर्ण संख्या. अपूर्णांक. होय किंवा नाही. दिवस. क्षण. उजव्या बाजूला, ज्या संगणकीय भाषेत कोड तयार करून द्यायचा तिच्यातल्या जाती. दवाखान्यानं एवढंच सांगायचं, की रुग्णाचं नाव ही अक्षरं आहेत आणि जन्म हा दिवस आहे. पुढं हा तक्ता ठरवायचा, की त्या भाषेत त्याला काय म्हणायचं. दयाला हे काम आवडायचं. डावीकडची ती अंगावर काहीच नसलेली नावं तिला फार स्वच्छ वाटायची. कधी कधी प्रार्थनेतही ती आठवायची. देवापाशी गोष्टी अशाच असतील, कुठल्याही भाषेच्या आधीच्या, आणि आपण जन्मभर आपल्या उजवीकडच्या बाजूनं चाचपडत त्यांना जवळचं काहीतरी नाव देत असू.

तिनं तक्ता उघडला. ‘दिवस’ या शब्दासमोर उजवीकडं नुसत्या दिवसाची जात हवी होती, वेळ नसलेली. ती तिथं नव्हती. तिथं क्षण होता. बाजूला बदल करणाऱ्याचं नाव, तिचं, आणि तारीख, फेब्रुवारीची नऊ.

आठवलं सगळं. आठवलं म्हणजे समोर येऊन उभं राहिलं; आत आलं नाही. त्या दवाखान्याची माहिती साठवणारा जुना भाग नुसता दिवस घ्यायला तयार नव्हता, दर वेळी अडून बसत होता. अंगद, तिचा पुण्याचा वरिष्ठ, फोनवर म्हणाला होता, दया, आज रात्री गेलंच पाहिजे, तू दिवसालाही क्षणच लाव, मध्यरात्रीचे बारा धर, कुणाला कळतंय? आणि तिनं धरले. तिच्या मशीनवर सगळं बरोबर दिसलं, कारण तिचं मशीन नगरमध्ये होतं. दवाखान्याचे कागद ज्या यंत्रावर तयार व्हायचे त्याचं घड्याळ ग्रिनिचचं होतं, आपल्याहून साडेपाच तास मागं. आपल्याकडं मंगळवार सुरू होतो तेव्हा तिथं अजून सोमवारची संध्याकाळ असते. कारकून मुलीनं मंगळवार लिहिलं. तक्त्यानं मंगळवारला घड्याळ लावलं. घड्याळानं तो मागं ओढून सोमवारात टाकला.

म्हणजे जो सोमवार तिनं आईपाशी न बसता या एका ओळीसाठी खर्च केला, त्याच ओळीनं आईला त्या सोमवारी मारून टाकलं होतं.

वाक्य मनात असं नीट तयार झालं आणि तसंच पडून राहिलं. तिला वाटलं, आता काहीतरी होईल. तिनं वाटही पाहिली. समोरची चादर तशीच लोंबत होती. मग तिनं मुळातली नोंद उघडली, आणि यंत्राच्या घड्याळाप्रमाणं आईचा मृत्यू तिथं लिहिलेला होता, नऊ फेब्रुवारी, संध्याकाळचे साडेसहा. ती त्या आकड्याकडं पाहत राहिली. साडेसहा. आईचा फोन आला होता तो त्याच्यानंतर, जेवणं झाल्यावर. नोंदीप्रमाणं आई तेव्हा नव्हतीच. उद्या येशील ना, असं कुणी विचारलंच नव्हतं. लंकाबाई खोळंबलीय, असं कुणी म्हणालं नव्हतं. नसलेल्या माणसाला शब्द कोण देणार?

आणि तिच्या लक्षात आलं, की पुंजारामला आपण नऊ का सांगितलं.

तिला ओळ माहीत नव्हती तेव्हा, कारण माहीत नव्हतं, पण आतल्या कुठल्यातरी बधिर कोपऱ्यानं हिशेब आधीच मांडला होता. दगडावर नऊ कोरलं, की तो सोमवारचा फोन उरत नाही. सगळे येतील, फुलं वाहतील, पुनरुत्थानाच्या पहाटे मेणबत्त्या लावतील, नऊ वाचतील. नोहा म्हणेल चुकलं, ती म्हणेल कागदावर तसंच होतं. पुढं तोही विसरेल. आणि मग गल्लीला वळसा घालावा लागणार नाही. तिथं जायचंच काही कारण नसेल. हे इतकं मऊ होतं, इतकं सोपं. भरल्या पोटावर झोप यावी तसं ते तिच्यावर पसरत गेलं. तिनं डोळेही मिटले.

“दया, आहेस ना?” लॅपटॉपमधून अंगदचा आवाज आला. दुपारच्या कॉलची वेळ झाली होती. अंगद मूळचा खर्ड्याचा, पुण्यात राहून भाषा घासूनपुसून घेतलेला. चिडला की मात्र जामखेडच्या बोलीवर यायचा. “ऐक ना, त्या दवाखान्याची तक्रार परत आलीय. मृत्यूच्या कागदावर दिवस एक मागं येतोय. बाकी स्क्रीनवर बरोबर दिसतं, फक्त छापताना. तिथली मुलगी म्हणे पेनानं खोडून हातानं लिहून देते. आपण काय करू, छापताना साडेपाच तास मिळवू. दोन ओळींचं काम. जेवायच्या आत होईल.”

“हं,” दया म्हणाली.

“हं म्हणजे करतेस ना?”

“करते.”

तो गेला. दोन ओळी खरंच होत्या. तिनं पहिली लिहिली. आकडे मिळवले की कागदावर दहा येणार होतं, पण आत, नोंदीत, आई साडेसहाला गेलेलीच राहणार होती. कागद बरोबर, आतलं तसंच. हे तिला ओळखीचं वाटलं. बाया गळ्यात पडून रडत होत्या आणि ती पाणी देत होती, तेही असंच दोन ओळींचं काम होतं.

दाराशी चपला वाजल्या. “दयाताई,” पूजा उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली. पूजा लंकाबाईची सून. एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला जायची, आज पहिल्या पाळीवरून सुटून तशीच आली होती, गळ्यात ओळखपत्र. “बसत नाही. एक विचारायचं हुतं. तुमच्यात ते कॅलेंडर हाय का, बाईंचं? असंल तर मला द्या. आमच्या सासूबाईंनी डोकं उठवलंय.”

“काय झालं?”

“मागच्या एकादशीला मी मोबाईलमध्ये बघितलं. त्यात दाखवलं, शनिवारी सकाळी एकादशी लागली. म्हनलं आत्या, आज एकादशी. त्यांनी शनिवार धरला, रविवारी सोडला. चांगल्या दोन भाकरी खाल्ल्या. संध्याकाळी भजनातल्या बाया आल्या अन् म्हनल्या, लंका, आज एकादशी अन् तू जेवलीस व्हय? झालं. सोमवारी अन्नाला शिवल्या न्हाईत. तवापासून माझ्यावर विश्वासच न्हाई. म्हनतात, तुझा मोबाईल आंधळा हाय माझ्यासारखा.” पूजा हसली, मग ओढणीनं मान पुसत हळू म्हणाली, “आता परत तीच गत. मोबाईल म्हनतो, आज सकाळी पावनेनऊला लागली. खरी कधी म्हनायची? त्यांना विचारलं तर म्हनतात, बाईची पोर यील, ती सांगंल.”

“आई गेली ते त्यांना…”

“माहीत हाय ना. पहिल्याच दिवशी सांगितलं. रडल्या लई. पन म्हनतात, बाईनं मला शब्द दिलाय, मी नसले तर दया यील. रोज सकाळी दार उघडून बसतात. मी म्हनते, अहो, त्यांना नोकरी हाय, घरी कुनी न्हाई. तर म्हनतात, उशीर झाला असंल.” पूजानं दयाच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला अवघडल्यासारखं झालं. “तुमी मनावर नका घेऊ, ताई. म्हाताऱ्या मानसाचं काय. मला कॅलेंडर द्या, मी वाचीन.”

दया भिंतीपाशी गेली. कॅलेंडरवर फेब्रुवारीच होता. आईनं दवाखान्यात जाण्याआधी उलटलेलं तेच पान, आणि पहिल्या दोन तारखांखाली तिचं बोट टेकून पडलेला बारीक मळ. तिनं ते खिळ्यावरून काढायला हात वर केला आणि हात तिथंच राहिला. द्यायला काही हरकत नव्हती. पूजानं वाचलं असतं, प्रश्न मिटला असता, वळसाही मिटला असता. आज दिवसभर सगळे तिला मोकळं करायला निघाले होते. दवाखान्याचा कागद, अंगद, आता ही बिचारी.

“राहू दे,” ती म्हणाली. “कॅलेंडर राहू दे इथं. आज दशमी म्हणून सांग त्यांना. सकाळी उजाडताना दशमी होती. उद्याचं मी येऊन सांगते.”

“नक्की? न्हाई, म्हंजे मी त्यांना सांगू का तसं?”

“सांग.”

पूजा गेल्यावर तिनं लिहिलेली ती एक ओळ पुसून टाकली. अंगदला फोन लावला. म्हणाली, मिळवून चालणार नाही, मी तक्त्यातच बदलते, दिवसाला नुसता दिवस.

“अगं, माहिती साठवणारी ती जुनी लायब्ररी घेत नाही ना नुसता दिवस. म्हणून तर…”

“घेईल असं मधलं काहीतरी मी लिहीन. आणि आतापर्यंतच्या नोंदी दुरुस्त करायला लागतील. त्या मी बघते.”

“पण का? दोन ओळींत काम होतंय. आन् रिलीज सोमवारी हाय, दया.”

“त्या वेळीही सोमवारीच होतं,” ती म्हणाली. आवाज तिनं वाढवला नव्हता. तो तिला वाढवता येतच नसे. “आज तू मिळवशील, अंगद. उद्या दुसरा कुणी मिळवायला विसरेल. दिवसाला वेळ द्यायचीच नव्हती आपण. ती मी दिली.”

पलीकडं तो तारखांचा हिशेब मांडत असलेला तिला जणू ऐकू येत होता; तिची आई कधी गेली, हे त्याला माहीत होतं. मग तो म्हणाला, “बरं. सोमवारचं मी बघतो. मंगळवारी दिलं तरी कुणी मरत न्हाई.” आणि लगेच, “सॉरी. तसं नव्हतं म्हणायचं.”

“असू दे,” ती म्हणाली.

पुंजाराम फोन उचलेना. दोनदा पूर्ण वाजून बंद झाला. खिडकीतलं ऊन टेबलावरून उतरून फरशीवर आलं होतं आणि तिच्या पायांजवळ येऊन थांबलं होतं. ऊन उतरल्यावर बसतो, असं तो म्हणाला होता. तिच्या कानात छिन्नीचा आवाज येऊ लागला, खट, खट, एवढ्या लांबून येणं शक्य नसताना. नवाचा आकडा कोरायला सोपा. एक वळसा आणि एक शेपूट. ती उठली, चपला घातल्या, परत काढल्या, परत फोन लावला. तळहाताला घाम आला होता. घाम आलाय हे तिला कळलं आणि ते कळणं जरा नवं वाटलं.

“बोला, ताई. गाडीवर हुतो, चहाला गेल्तो.”

“ती तारीख. कोरली का?”

“आखून ठेवलीय खडूनं. आता बसनार.”

“पुसून टाका. दहा आहे. कागदावरचं चुकलंय.”

“दहा. बघा हां, परत नऊ म्हनाल.”

“नाही म्हणणार. दहाच. मंगळवार.”

“वार बी टाकायचा?” खडू पुसत असल्यासारखा हात फिरल्याचा आवाज आला. “वार सहसा टाकत न्हाईत. टाकू म्हना, जागा हाय. काही लोक वेळ बी टाकतात आजकाल.”

“वेळ नको,” दया म्हणाली. “दिवस तेवढा टाका.”

संध्याकाळी नोहाचा फोन आला, त्याला तिनं एवढंच सांगितलं की तारीख बरोबर होतेय. तक्त्याची ओळ तिनं बदलली. बदलताना काही वाटेल असं वाटलं होतं. बोटांनी दोन शब्द खोडले आणि दोन लिहिले, बस. दुरुस्त केलेल्या नोंदीत आईच्या नावापुढं नुसतं दहा उरलं, त्याला पुढं तास नव्हते, मिनिटं नव्हती. त्या रिकाम्या जागेकडं ती थोडा वेळ पाहत राहिली. दहा तारीख सगळीच्या सगळी तिथं होती, पहाट, दूधवाला, गॅसवरचं पातेलं, आणि तिच्या आधीची ती नऊ, जिच्यात आई फोनवर बोलत होती, जिवंत, मनापासून सांग म्हणणारी. दोन्ही दिवस जिथल्या तिथं परत आले होते. त्यांच्याबरोबर तिनं दिलेला शब्दही परत आला, आणि तो हलका नव्हता. रात्रीचा अध्याय तिनं वाचला. आजही तो कुठं गेला ते समजलं नाही. पण शेवटच्या ओळीशी थांबून ती मागं गेली आणि अध्याय पुन्हा एकदा वाचला.

सकाळी जाग आली तेव्हा खिडकी नुसती करडी होती. रविवार, झावळ्यांचा, ईस्टरच्या आधीचा. आठच्या आत चर्चमध्ये जायचं होतं, मुलं झावळ्या घेऊन दारातून आत येणार होती, आणि आईची जागा डावीकडच्या तिसऱ्या बाकावर रिकामी असणार होती. ते पुढचं पुढं. तिनं प्रार्थना केली. चहा ठेवला नाही. कॅलेंडर खिळ्यावरून उतरवून फेब्रुवारी उलटला, मार्च काढला. पान कोरं करकरीत होतं, कुणाचं बोट न लागलेलं. तिनं बोटानं आजचा चौकोन शोधला. चैत्र शुद्ध एकादशी, आणि शेजारी बारीक अक्षरात वेळ, थोड्याच वेळात ती सरून द्वादशी लागणार असल्याची. तिनं त्या वेळेवर अंगठा ठेवला. उरलेलं वाचलं. कॅलेंडर परत टांगलं.

हातातलं घड्याळ काढून तिनं टेबलावर ठेवलं, बंद लॅपटॉपशेजारी. चपला घातल्या, दार ओढून घेतलं. बाहेर हमरस्त्याच्या बाजूला पुण्याकडं जाणारा पहिला टेम्पो घरघरत होता, आणि पाय सवयीनं तिकडंच वळले. दोन-चार पावलं गेली असतील. ती थांबली. ज्ञानेश्वरकाका अंगणात पाणी शिंपडत होते, त्यांनी मान वर करून विचारलं, “एवढ्या सकाळी कुठं गं?”

“लंकाबाईंकडं,” ती म्हणाली. “येतेच.”

उजेड फुटत होता. समोरच्या पाण्याच्या टाकीच्या काठाला तांबूस रेघ आली होती, आणि खालची गल्ली मात्र अजून करडीच होती, तिच्या टोकाला एक दार उघडं असणार होतं. आज रविवार, ती मनाशी म्हणत चालू लागली, आज एकादशी. आज रविवार, आज एकादशी. आवाज बारीकच, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा.